मधाची घरगुती बिअर: किण्वन अडल्यासारखे वाटते तेव्हा काय तपासावे

व्हाइट हाउसच्या दक्षिणेकडील हिरवळीवर २००९ मध्ये मधमाश्यांची पेटी ठेवण्यात आली आणि पुढे त्या पेटीतला मध घालून तिथल्या स्वयंपाकघरात बिअर तयार होऊ लागली. लोकांकडून मागणी झाल्यावर १ सप्टेंबर २०१२ रोजी तिची कृती जाहीर करण्यात आली. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, तयार अर्क वापरणारी ही कृती नवशिक्याला झेपण्यासारखी आहे. पाच अमेरिकी गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर बिअरसाठी तीत फिकट माल्टचा द्रव अर्क ३ किलो, सुका अर्क ४५० ग्रॅम, थोडे अंबर क्रिस्टल आणि बिस्किट माल्ट, केंट गोल्डिंग्ज आणि फगल्स या जातींचे हॉप्स (कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले), ४५० ग्रॅम मध आणि विंडसर नावाच्या सुक्या यीस्टचे एक पाकीट लागते. किण्वनाच्या, म्हणजे आंबण्याच्या, काळात नवशिक्याला ज्या शंका छळतात, त्यांतल्या बहुतेक सगळ्या या एका कृतीत भेटतात, म्हणून पुढील विवेचनासाठी मी हीच कृती समोर ठेवली आहे.

हा लेख घरी बिअर करणे जिथे कायदेशीर आहे अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे, हे आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने घरगुती बिअरला करमुक्त मुभा दिली. दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन आणि एकच प्रौढ असल्यास १०० गॅलन अशी मर्यादा आहे, आणि ती बिअर विकता येत नाही. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा लागू असून परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते स्वतःच्या घरात आणि स्वतःपुरते असले तरीही. भारतातल्या वाचकांनी हा लेख माहिती म्हणून वाचावा, प्रयोगासाठी नव्हे.

आधी मोजायला शिकावे

आपल्याकडे इडलीचे पीठ फुगले की आंबले, असे डोळ्यांनी ठरवायची सवय असते. बिअरच्या बाबतीत ही सवय दगा देते. फेस दिसतो किंवा दिसत नाही, एअरलॉकमध्ये (वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न घेणाऱ्या झडपेत) बुडबुडे येतात किंवा थांबतात, पण यीस्टने साखर किती खाल्ली हे त्यातल्या कशावरूनही नक्की कळत नाही. ते कळते फक्त द्रवाच्या घनतेवरून, आणि घनता मोजायला हायड्रोमीटर लागतो. फर्मेंटर, म्हणजे किण्वनाचे भांडे, घेताना त्याच्याबरोबरच हायड्रोमीटर आणि नमुना घेण्यासाठी उंच नळकांडे घ्यावे. नवशिक्याने पहिला खर्च यावर करावा आणि चकचकीत भांड्यांवरचा नंतर करावा, असे माझे ठाम मत आहे.

पाण्याची घनता १.००० धरली जाते. साखर विरघळली की ती वाढते, आणि यीस्टने साखरेचे अल्कोहोल केले की पुन्हा उतरते. दशांशानंतरच्या तिसऱ्या स्थानाला आपण येथे ‘अंश’ म्हणू, म्हणजे १.०६६ ही पाण्यापेक्षा ६६ अंश जास्त घनता झाली. नमुना घेताना नळी किंवा पिपेट निर्जंतुक केलेली असावी, हायड्रोमीटर नळकांड्यात सोडल्यावर बोटांनी हलकेच फिरवावा म्हणजे त्याला चिकटलेले वायूचे बुडबुडे सुटतात, आणि वाचन डोळ्यांच्या रेषेत, द्रवाच्या सपाट पातळीवर घ्यावे. नमुना फर्मेंटरमध्ये परत ओतू नये. तो चाखावा आणि चवही टिपून ठेवावी. बहुतेक हायड्रोमीटर २० अंश सेल्सिअसला जुळवलेले असतात, पण जुने काही १५.६ अंशांना असतात, म्हणून काचेवरील कागदी पट्टी वाचून घ्यावी. नमुना ४० अंश सेल्सिअसचा असेल, तर २० ला जुळवलेला हायड्रोमीटर घनता सुमारे सहा अंश कमी दाखवतो. ३० ला फरक दोन-तीन अंशांचा असतो. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखर मोजणारे उपकरण) वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की अल्कोहोल तयार झाल्यानंतर त्याचा आकडा दुरुस्तीशिवाय खरा नसतो आणि प्रत्यक्षाहून बराच जास्त दिसतो. किण्वन अडले आहे, असा पुष्कळ जणांचा समज निव्वळ या उपकरणामुळे होतो.

सुरुवातीचा आकडा चुकीचा वाटतो

या कृतीत सगळे १९ लिटर पाणी उकळत नाहीत. साधारण सहा लिटर पाण्यात माल्टचा अर्क, हॉप्स आणि शेवटी मध उकळतो, तो घट्ट वर्ट, म्हणजे माल्टचे गोड पाणी, फर्मेंटरमधल्या गार पाण्यात ओततात आणि वरून पाणी घालून १९ लिटर पूर्ण करतात. घट्ट वर्ट जड असल्यामुळे तळाशी बसतो आणि वरचा थर पातळ राहतो. वरून नमुना घेतला तर घनता १.०४० दिसू शकते, तळाच्या तोटीतून घेतला तर १.०८० सुद्धा. दोन्ही आकडे फसवे असतात. अशा वेळी आणखी साखर किंवा मध घालून घनता ‘सुधारण्याचा’ मोह टाळावा, कारण साहित्य तेवढेच गेले आहे आणि यीस्ट काम करू लागले की सारे मिसळते.

खरी घनता गणिताने काढता येते. दहा लिटर अंतिम द्रवात एक किलो मध सुमारे २९ अंश देतो, एक किलो द्रव माल्ट अर्क सुमारे ३० आणि सुका अर्क सुमारे ३७. या हिशेबाने आपल्या १९ लिटरमध्ये द्रव अर्काचे ४७, सुक्याचे ९, मधाचे ७ आणि भिजवलेल्या माल्टचे चारेक अंश धरले की सुरुवातीची घनता १.०६६ च्या आसपास येते. हा आकडा वहीत लिहावा. मधातले पाणी कमीजास्त असते, त्याने एखाद्या अंशाचा फरक पडेल. परदेशी दुकानातल्या मधात ते १७-१८ टक्के असते, तर आपल्याकडच्या सातेरी माशीचा मध अधिक पातळ असतो हे ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल.

या गणितात लपलेली एक गोष्ट पुढे फार उपयोगी पडते. मधातली साखर मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज असते आणि यीस्ट ती जवळजवळ संपूर्ण खाते. माल्टच्या साखरेत मात्र यीस्टला न पचणारा भाग असतो, जो अखेरीस बिअरमध्ये राहतो आणि तिला भरीवपणा देतो. त्यामुळे मधाचे सात अंश शून्यावर जाणार आणि माल्टच्या साठ अंशांपैकी यीस्टच्या जातीनुसार काही उरणार, असे धरून शेवटचा आकडा आधीच अंदाजता येतो.

पहिला दिवस: काहीच होत नाही

यीस्ट घातल्यानंतर सहा तासांत फेस येऊ शकतो, तसाच चोवीस तासांनीही येऊ शकतो. पहिल्या दिवशी झाकण उघडून पाहू नये. दुसऱ्या दिवशीही शांतता असेल, तर पुढील गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात.

पहिली, झाकण. प्लॅस्टिकच्या बादलीचे झाकण किंवा एअरलॉकभोवतीची रबरी कडी घट्ट बसली नसेल, तर वायू तिथून निघून जातो आणि एअरलॉक गप्प राहतो. बादलीच्या भिंतीतून टॉर्चचा उजेड टाकून आत फेसाची रेघ दिसते का ते पाहावे. दिसली तर किण्वन चालू आहे आणि काळजीचे कारण नाही. दुसरी, तापमान. ही कृती २० ते २२ अंश सेल्सिअसला किण्वन करायला सांगते. न्यू जर्सी किंवा शिकागोकडच्या घरांत हिवाळ्यात बेसमेंट १४-१५ अंशांवर येते, आणि तिथल्या सिमेंटच्या जमिनीवर थेट ठेवलेले भांडे त्याहून गार असते. भांडे वरच्या मजल्यावर आणावे किंवा निदान लाकडी फळीवर ठेवून भोवती जाड कापड गुंडाळावे. तिसरी, यीस्ट स्वतः. पाकिटावरची तारीख पाहावी, ते फ्रिजमध्ये होते की नाही हे आठवावे, आणि यीस्ट भिजवताना पाणी चाळीस अंशांच्या बरेच वर तर नव्हते ना, याचा विचार करावा. 

अठ्ठेचाळीस तास उलटूनही फेस नाही आणि घनता तसूभरही उतरलेली नाही, अशी दोन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर नवे पाकीट भिजवून घालावे. बहात्तर तासांच्या पलीकडे थांबू नये, कारण गोड, कोमट वर्ट जितका वेळ यीस्टविना पडून राहील तितकी इतर जंतूंना संधी मिळते.

तिसरा दिवस: बुडबुडे थांबले

विंडसर हे वेगवान यीस्ट आहे. अनुकूल तापमानात त्याचे मुख्य किण्वन तीन दिवसांतच आटोपते. मंगळवारी एअरलॉक धडधडत होता आणि शुक्रवारी एकदम गप्प झाला, हे पाहून नवशिक्या घाबरतो, पण या यीस्टची रीतच तशी आहे. भांड्याच्या आतल्या बाजूस तपकिरी, चिकट कडे दिसत असेल तर फेस येऊन गेला असे समजावे.

याच्या उलट, दहा-बारा दिवसांनी अचानक बुडबुडे पुन्हा येऊ लागले तरी लगेच जंतुसंसर्गाचा संशय घेऊ नये. खोली तापली किंवा हवेचा दाब उतरला की बिअरमध्ये विरघळलेला वायू बाहेर पडतो. घनता मोजावी, ती स्थिर असेल तर ते बुडबुडे निव्वळ वायूचे आहेत.

जाहीर कृतीत पाच दिवसांनी बिअर दुसऱ्या भांड्यात काढून तिथे आणखी चौदा दिवस ठेवायला सांगितले आहे. या एका बाबतीत मी नवशिक्याला कृतीपासून दूर जायला सांगेन. इतक्या लवकर भांडे बदलल्याने बिअर तळाशी बसू लागलेल्या यीस्टपासून तुटते, तिला हवा लागते, आणि किण्वनाचा शेवटचा, सावकाश चालणारा भाग अर्धवट राहण्याची शक्यता वाढते. एकाच भांड्यात दोन ते तीन आठवडे राहू द्यावे. तेवढ्या काळात गाळामुळे चव बिघडत नाही.

घनता १.०२० वर अडली

सर्वांत जास्त जीव टांगणीला लागतो तो येथे. बाकीच्या शंका वाट पाहिल्यावर आपोआप मिटतात. हिच्यात मात्र चुकीच्या निर्णयाने बाटल्या फुटू शकतात, म्हणून ती सावकाश समजून घ्यावी.

नवशिक्याने बहुधा कुठेतरी वाचलेले असते की बिअरची अंतिम घनता १.०१० ते १.०१४ असावी. त्याची बिअर १.०२० वर थांबते आणि त्याला वाटते की यीस्ट मेले. वास्तविक माल्टच्या साखरेत माल्टोजखेरीज माल्टोट्रायोज नावाची तीन कणांची साखर असते, आणि विंडसर यीस्टला ती पचवता येत नाही. माल्टच्या साखरेचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग खाऊन ते थांबते. वरच्या गणितात माल्टचे ६० अंश धरले होते. त्यांचा एक तृतीयांश म्हणजे २०, आणि मधाचे काही उरत नाही. म्हणजे १.०१८ ते १.०२२ हा या बिअरचा स्वाभाविक शेवट आहे, आणि तीत अल्कोहोल सुमारे सहा टक्के असते. हेच साहित्य घेऊन यूएस-०५ हे अमेरिकी यीस्ट वापरले असते, तर घनता १.०१२ ते १.०१४ पर्यंत गेली असती. यीस्टच्या पाकिटावर किंवा उत्पादकाच्या पत्रकात ते किती टक्के साखर खाते हे दिलेले असते. पाककृतीतल्या कोणत्याही आकड्याआधी ते वाचावे.

तरीही किण्वन खरेच संपले की मध्येच अडले, हे ठरवण्याच्या दोन रीती आहेत. पहिली सोपी आहे: तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजावे, आणि आकडा तोच राहिला तर किण्वन थांबले आहे असे मानावे. मात्र थांबणे आणि संपणे यांत भेद आहे, आणि तो दुसऱ्या रीतीने कळतो. निर्जंतुक केलेल्या बरणीत पाव लिटर बिअर काढावी, तीत त्याच जातीचे ताजे यीस्ट सढळ हाताने घालावे, बरणी सैल झाकून २५ अंशांच्या आसपास उबदार जागी ठेवावी आणि दिवसातून काही वेळा हलवावी. तीन-चार दिवसांनी तिची घनता मोजावी. बरणीतला आकडाही १.०२० असेल, तर मोठ्या भांड्यातली बिअर पूर्ण झाली आहे. बरणी १.०१६ पर्यंत उतरली, तर भांड्यात अजून खाण्याजोगी साखर आहे आणि यीस्ट कोणत्या तरी कारणाने झोपले आहे. ही चाचणी फार थोडे लोक करतात, पण इतकी निःसंदिग्ध उत्तरे देणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही.

यीस्ट झोपले असेल, तर आधी भांडे दोन-तीन अंश उबदार करावे आणि झाकण न उघडता, आतला द्रव न उसळवता, भांडे हलकेच गोल फिरवून तळाचे यीस्ट वर आणावे. यानंतर चार-पाच दिवस थांबावे. बहुतेक वेळा एवढे पुरते. न पुरल्यास नवे यीस्ट थेट भुरभुरू नये. अल्कोहोल असलेल्या, साखर संपत आलेल्या द्रवात सुक्या यीस्टचा निभाव लागत नाही. थोड्या माल्टच्या पाण्यात ते जागवून, त्याला जोरात फेस आला असतानाच ते भांड्यात घालावे. हवा मात्र या टप्प्यावर कधीही मिसळू नये. यीस्ट घालण्यापूर्वी वर्टला हवा हवीच असते, पण किण्वन झाल्यावर तीच बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी शिळी चव आणते.

यीस्टचे पोषण हा मुद्दा मधाच्या प्रमाणावर अवलंबून आहे. मधात नायट्रोजन अगदी थोडा असतो, तर माल्टमध्ये पुरेसा. आपल्या कृतीत साखरेचा जेमतेम दहावा भाग मधातून येतो, त्यामुळे वेगळे पोषक घालण्याची गरज नाही. मधाचा वाटा एक तृतीयांशापलीकडे नेणार असाल, तर मात्र डायअमोनियम फॉस्फेट किंवा यीस्टपासून केलेले पोषक किण्वनाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, पाकिटावरच्या मात्रेने घालावे. शेवटी घातलेल्या पोषकाचा यीस्टला फारसा लाभ होत नाही, आणि ते बिअरमध्ये पडून राहिले तर इतर जंतूंना खाद्य मिळते.

अशा जास्त मधाच्या बिअरमध्ये आणखी एक अडचण येते. समोर सोपी साखर मुबलक असली की यीस्ट तीच आधी खाते आणि माल्टोज पचवण्याची तयारी लांबणीवर टाकते. कधी कधी ती तयारी मग नीट होतच नाही. म्हणून मध सुरुवातीला न घालता फेस भरात येऊन उतरू लागला की घालणे चांगले, आणि त्याने सुगंधही टिकतो. कच्च्या मधात मात्र रानटी यीस्टचे अंश असतात. मध घट्ट आहे तोवर ते निष्क्रिय राहतात आणि पातळ होताच जागे होतात. त्याशिवाय त्यात पिष्ट फोडणारी विकरेही (एन्झाइम) असतात, जी यीस्टला न पचणाऱ्या साखरेचे तुकडे करून बिअर हळूहळू आणखी उतरवू शकतात. मध थोड्या पाण्यात मिसळून ६५ ते ७० अंशांवर अर्धा तास धरला आणि थंड करून घातला, तर जंतूंची धास्ती बरीच कमी होते. विकरे उष्णतेला अधिक चिवट असतात, म्हणून उशिरा मध घातलेली बिअर बाटलीत भरण्याची घाई अजिबात करू नये.

वास आणि चव

कुजक्या अंड्यासारखा वास आला की लोक बिअर ओतून देतात, आणि हे पाहून वाईट वाटते. तो हायड्रोजन सल्फाइडचा वास असतो, यीस्टला नायट्रोजन कमी पडला की तो वाढतो, आणि मधाच्या किण्वनात तो अपवाद नाही. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड त्याला सोबत घेऊन जातो. एक-दोन आठवड्यांत तो बहुधा नाहीसा होतो.

कच्च्या हिरव्या सफरचंदाची चव म्हणजे बिअर अपरिपक्व आहे, तिला यीस्टवर आणखी आठवडाभर ठेवावे. लोण्यासारखा वास किंवा जिभेवर ओशटपणा हा डायअसिटिलमुळे असतो; भांडे २१-२२ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवले की यीस्टच तो परत शोषून घेते. नखांच्या रंगाच्या थिनरसारखा तिखट वास किण्वन जास्त गरम झाल्याचे सांगतो, आणि त्याला नंतर फारसा उपाय नसतो. यीस्ट जोरात असताना भांड्याच्या आतले तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंश वर असू शकते, म्हणून खोलीचा आकडा न पाहता भांड्यावर चिकटवलेली तापमानपट्टी पाहावी. उन्हाळ्यात भांडे पाण्याच्या टबात ठेवून त्यावर ओला सुती टीशर्ट चढवला आणि पंखा लावला, तरी तापमान काही अंश उतरते.

जखमेवरच्या पट्टीसारखा औषधी वास आला तर नळाच्या पाण्यातील क्लोरीन किंवा क्लोरामाइनचा संशय घ्यावा. हा वास जात नाही. पुढच्या खेपेस पाण्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची, म्हणजे कॅम्डेनची गोळी विरघळवावी. एक गोळी सुमारे ७५ लिटर पाण्याला पुरते, म्हणून आपल्याला तिचा चतुर्थांश पुरे. भांडी ब्लीचने न धुता, धुवावी न लागणारे आम्लयुक्त निर्जंतुक वापरावे. ते स्टार सॅन या नावाचे असल्यास १९ लिटर पाण्याला ३० मिलिलिटर हे प्रमाण आहे, आणि त्याचा उरलेला फेस बिअरला बाधत नाही.

व्हिनेगरसारखा आंबट वास मात्र खरा धोक्याचा संकेत आहे. तो करणाऱ्या जंतूंना हवा लागते, म्हणजे कुठेतरी झाकण सैल आहे, एअरलॉक कोरडा पडला आहे किंवा भांडे वारंवार उघडले गेले आहे.

पृष्ठभागावर काय दिसते

फेस उतरल्यानंतर वर तरंगणारे तपकिरी-पांढरे ठिपके, हॉप्सचे हिरवट कण आणि यीस्टचे गोळे हे सारे नेहमीचे आहे. पांढुरकी, कोरडी, सुरकुतलेली साय सर्व पृष्ठभागावर पसरली असेल आणि तिच्याखाली मोठे बुडबुडे अडकलेले असतील, तर रानटी यीस्ट किंवा जिवाणू शिरले आहेत. अशी बिअर चाखून पाहता येते, पण ती नेहमीप्रमाणे बाटलीत भरू नये, कारण ते जंतू विंडसरने सोडलेली साखर बाटलीतच खात बसतील. लव असलेली हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर वरचा भाग काढून बाकीची वाचवण्याचा विचारही करू नये. सगळी ओतून द्यावी. भांडे प्लॅस्टिकचे आणि आतून ओरखडे पडलेले असेल तर तेही बदलावे.

बिअर गढूळ आहे ही तक्रार यात धरू नये. विंडसर तळाशी नीट बसत नाही. बाटलीत भरण्यापूर्वी दोन-तीन दिवस भांडे थंड ठेवले तर ती बरीच निवळते, आणि न निवळली तरी चवीत उणे नसते.

बाटलीत भरताना

घनतेचा एक अंश बाटलीत किण्वित झाला की बिअरच्या आकारमानाच्या सुमारे निम्मा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. नेहमीच्या फेसाळ बिअरमध्ये वायू तिच्या आकारमानाच्या साधारण २.४ पट असतो, आणि साध्या बाटल्यांना तीन पटीच्या फार पुढे नेऊ नये. चार अंश शिल्लक असताना बाटल्या भरल्या आणि वरून नेहमीची साखर घातली, तर वायू साडेचार पटीच्या घरात जातो. त्या बाटल्या फुटतात, आणि काचेचे तुकडे खोलीभर उडतात. म्हणून कृतीतले दिवसांचे आकडे बाजूला ठेवावेत आणि दोन वाचनांत तीन दिवसांचे अंतर ठेवून आकडा तोच आल्याशिवाय बूच लावू नये. मध उशिरा घातला असेल, तर ते अंतर आठवड्याचे करावे.

विंडसरच्या बिअरबाबत आणखी एक सावधगिरी आहे. बाटलीत वायू लवकर धरावा म्हणून काही जण भरताना दुसरे, अधिक ताकदीचे यीस्ट घालतात. ते यीस्ट माल्टोट्रायोज खाऊ शकत असेल, तर १.०२० वर ‘संपलेली’ बिअर बाटलीत १.०१४ पर्यंत उतरेल, म्हणजे तीन पट वायू अधिकचा. भरताना घालायचेच झाले तर तेच विंडसर घालावे. पण एवढ्या बिअरमध्ये मूळचे यीस्ट पुरेसे तरंगत असते.

वायूसाठी घालायची साखर कपाने मोजण्याऐवजी वजनाने घ्यावी. २० अंशांवर किण्वित झालेल्या १९ लिटर बिअरला साधी साखर ११० ग्रॅम पुरते. साखरेऐवजी मध वापरायचा असेल, तर त्यातले पाणी लक्षात घेऊन १४५ ग्रॅम घ्यावा. दोन्हींपैकी जे असेल ते कपभर पाण्यात पाच मिनिटे उकळून भरण्याच्या बादलीत आधी ओतावे आणि त्यावर बिअर सायफनने, न उसळवता सोडावी. ढवळणे अपुरे झाले तर काही बाटल्या सपक आणि काही अतिफेसाळ होतात, म्हणून निर्जंतुक चमच्याने तळापासून हळू ढवळून घ्यावे.

भरलेल्या बाटल्या २४ अंशांच्या आसपास, झाकण असलेल्या प्लॅस्टिकच्या खोक्यात ठेवाव्यात. एखादी बाटली प्लॅस्टिकची भरावी. ती बोटांनी दाबून आत किती वायू धरला आहे ते कळते. ती दगडासारखी कडक झाली, किंवा एखादी काचेची बाटली उघडताच अर्धी बिअर उसळून बाहेर आली, तर डोळ्यांवर चष्मा आणि हातांत जाड मोजे घालून सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये हलवाव्यात. एक दिवस पूर्ण थंड झाल्यावर एकेक बूच किंचित उचलून वायू सोडावा आणि नवे बूच लावावे. अशा खेपेतल्या बाटल्या त्यानंतर फ्रिजमध्येच ठेवून लवकर संपवाव्यात आणि कोणालाही भेट म्हणून देऊ नयेत.